वाचकांचे प्रश्न : सणांची जुनी गाणी आणि खटकणारी कडवी

पोळा फुटला, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक गेली आणि आता मुली जिच्यापुढे फेर धरून गाणी म्हणतात ती भुलाबाई घरोघरी बसण्याचे दिवस आले आहेत. मागच्या अंकात आम्ही सणांच्या जुन्या गाण्यांविषयी वाचकांचे अनुभव मागवले होते, त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. बहुतेक पत्रांत गाणी आठवत नसल्याची खंत असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात आठवत असलेल्या गाण्यांवरून घराघरांत चाललेले वादच अधिक निघाले. त्यांपैकी काही पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दरवर्षी भुलाबाई मांडतात. गेल्या वर्षी लहान मुलींना गाणी शिकवण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी त्यांना वेड्याच्या बायकोचे गाणे शिकवले. कार्यक्रमात शेवटचे कडवे सुरू होताच माझ्या सुनेने मुलींना मध्येच थांबवले. ती रुग्णालयात परिचारिका आहे. हे गाणे मी काटोलला माहेरी म्हटले, लग्नानंतर नागपुरातही म्हटले, आणि त्यामुळे आमच्यापैकी कोणी वाईट झाल्याचे मला तरी दिसले नाही. गाणे चुकीचे आहे की सुनेचे मन फारच हळवे आहे?
– एक आजी, मनीषनगर

उत्तर : आजी, ज्यांना हे गाणे ठाऊक नाही त्यांच्यासाठी ते आधी थोडक्यात सांगतो. वेड्याची बायको लाडू करते. वेडा डोकावून पाहतो आणि चेंडू समजून ते खेळायला नेतो. ती करंज्या करते. त्याला त्या होड्या वाटतात आणि तो त्या पाण्यात सोडून येतो. पदार्थ घरोघरी बदलतात, कुठे चकल्या येतात तर कुठे शेवया, पण प्रत्येक कडव्यात तो डोकावतो, चुकीचे समजतो आणि बायकोची मेहनत वाया घालवतो. शेवटच्या कडव्यात बायको पलंगावर झोपलेली असते. वेडा डोकावून पाहतो आणि ‘मेली मेली’ म्हणून तिला जाळून टाकतो. चाल तीच राहते, टाळ्यांचा ठेका तोच राहतो, ‘डोकावून पाहिले’ हे शब्दही त्याच जागी येतात. त्यामुळे लाडवांच्या कडव्याला जितके हसू येते तितकेच ते येथेही येते, आणि तुमच्या सुनेला कडव्यापेक्षा ते हसूच सहन झाले नसावे.

गाण्याची बांधणी विलक्षण आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. लाडवापासून सुरू झालेली चूक हळूहळू मोठी होत नाही. ती सारखीच राहते, फक्त तिची किंमत एकदम वाढते. असे गाणे सहज जुळून येत नाही. ते रचणाऱ्या आणि म्हणणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींची लग्ने नवरा न पाहता झालेली असत. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा असावे असे सांगणारा कायदा १९२९ साली आला. जोडीदाराचे असाध्य वेड हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात आले ते १९५५ साली. तोवर घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातल्या मुलीच्या नशिबी वेडा नवरा आला तर तिच्यासाठी दाद मागायला जागाच नव्हती. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, संध्याकाळी, पुरुष जवळपास नसताना, माहेरच्या अंगणात तेवढे बोलता येत असे. त्या फेरात हसणारी मुलगी स्वतःलाच होऊ शकेल अशा गोष्टीला हसत होती. माझ्या समजुतीप्रमाणे ते कडवे बायको जाळण्याची थट्टा करत नाही. भीती मैत्रिणींसमोर मोठ्याने बोलून टाकण्याची ती एक रीत आहे.

मग बदलले काय? १९८० च्या दशकात वर्तमानपत्रे उघडली की ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी कुठल्या ना कुठल्या पानावर असे. सासरच्या छळाविरुद्धचे कलम ४९८ अ १९८३ साली आणि हुंडाबळीचे कलम ३०४ ब १९८६ साली दंडसंहितेत आले, ते उगाच नव्हे. ज्यांनी ती वर्षे पाहिली, किंवा तुमच्या सुनेसारखे ज्यांचे रोजचे काम रुग्णालयात आहे, त्यांना ‘जाळून टाकले’ हे शब्द कोण्या एके काळच्या गोष्टीतले वाटणे शक्य नाही. आजी, तुम्ही आणि सून एकच ओळ ऐकत आहात, पण तुम्हाला काटोलचे अंगण दिसते आणि तिला वॉर्ड दिसतो.

दुसरी गोष्ट मात्र कोणीच बोलत नाही, आणि मला तीच अधिक गंभीर वाटते. गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका आजारी माणसाला हसते. आपल्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि त्याच्या जवळच्या चौकाला ऑटोवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे अजून पागलखाना चौक म्हणतात. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. सोसायटीच्या फेरात तो हक्क कितपत पोहोचला आहे हे ज्याचे त्याने पाहावे. त्या फेरात एखादी मुलगी अशी असेल की जिच्या काकांवर उपचार चालू आहेत. तिला हसता येत नाही आणि फेर सोडून जाताही येत नाही. पूर्वी अशा मुली नव्हत्या असे नाही. त्यांना विचारत कोणी नव्हते.

म्हणून मला गाणे चुकीचे वाटत नाही आणि सूनही फार हळवी वाटत नाही. आठ वर्षांच्या मुली, हातात माइक, समोर मोबाइल धरून उभे असलेले आईवडील, या मांडणीत गाण्याला अर्थ देणारा फेरच उरलेला नाही. लहान मुलींना कार्यक्रमासाठी हे गाणे शिकवू नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी कारल्याचा वेल आहे, सासर-माहेरच्या वाटांचे गाणे आहे. त्यांत सासूवर तिरकस बोलणे आहे, पण कोणाच्या दुखण्यावर हसणे नाही. मात्र गाणे टाकून देऊ नका. मोठ्या बायका बसतील तेव्हा ते पूर्ण म्हणा. शेवटचे कडवे तेवढे गाळण्याची तडजोड पुष्कळ ठिकाणी होते आणि मला ती मुळीच पटत नाही, कारण ते कडवे काढले की बाईचे दुःख निघून जाते आणि वेड्याची टिंगल तेवढी शिल्लक राहते. त्या बैठकीला सुनेलाही बोलवा. ती आली तर तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. यादवरायाच्या गाण्यात रुसलेली राणी शेवटी ‘लाल चाबूक’ पाहून सासरी परतते. स्नेहसंमेलनासाठी मी चाबकाच्या जागी पुस्तक घातले. त्यावर काही पालकांनी परंपरेत ढवळाढवळ केल्याची तक्रार मुख्याध्यापकांकडे केली. असा बदल करण्याचा मला अधिकार आहे का?
– एक शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : अधिकार निश्चित आहे. लोकगीताची कुठलीही एक अधिकृत प्रत नसते. याच गाण्यात काही घरांमध्ये शेवटी चाबूक येतो, काही घरांमध्ये मंगळसूत्र येते, आणि दोन्ही घरांतल्या बायका आपलेच गाणे खरे असल्याचे शपथेवर सांगतात. ढवळाढवळीची तक्रार नागपूरकरांनी करावी याचे तर नवल वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते; काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी आपण सारे ओरडत आलो आहोत. त्या आरोळीत रोगराई आणि खोकल्याच्या शेजारी महागाई आली, भ्रष्टाचार आला, त्या त्या वर्षीचे जे संकट असेल ते आले, आणि मिरवणुकीतल्या बडग्यांवरचे, म्हणजे मारबतीबरोबर निघणाऱ्या पुतळ्यांवरचे, फलक तर दरवर्षी नवे असतात. परंपरा मोडली म्हणून कोणी मिरवणूक अडवल्याचे ऐकिवात नाही. (काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसले घराण्यातील बाकाबाईंशी जोडतात आणि शेवटी एका बाईची प्रतिमा जाळली जाते, याविषयी मात्र एकाही वाचकाने लिहिलेले नाही. कोणी लिहिल्यास उत्तर द्यायला आवडेल.)

तुमच्या अधिकाराविषयी शंका नाही; तुम्ही केलेल्या बदलाविषयी आहे. हे गाणे कसे चालते ते पाहा. सासू समजवायला येते आणि अर्धा संसार देऊ करते. राणी नको म्हणते. सासरा, दीर, जाऊ, नणंद असे एकेक जण काही ना काही घेऊन येतात आणि प्रत्येकाला तेच उत्तर मिळते. इतके सगळे नाकारणारी बाई चाबूक दिसताच ‘मी येते तुमच्या घराला’ म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी तुटते. सून परत कशी आणली जाते ते एवढ्या थोड्या शब्दांत सांगणाऱ्या ओळी सहज सापडायच्या नाहीत. तेथे पुस्तक आले की गाणे साक्षरता अभियानाच्या भिंतीवर लिहिण्याजोगे होते आणि राणीचा राग नेमका कशाचा होता, हा प्रश्नच नाहीसा होतो. शिवाय सासरच्यांनी आधीच पुस्तक का दिले नाही, असे एखादा चौथीतला मुलगा विचारील, तेव्हा काय सांगणार?

पाचवी-सहावीच्या मुलांकडून चाबूक हौसेने मागवून घ्यावा असे मीही म्हणणार नाही. माझा सल्ला असा की शेवटचे कडवे म्हणूच नये. नणंद हात हलवत परत गेली की गाणे संपवावे आणि राणी रुसलेलीच राहू द्यावी. आठवी-नववीचा वर्ग असेल तर उलट करावे, मूळ कडवे फळ्यावर लिहावे आणि राणी का गेली असेल ते मुलामुलींना विचारावे. तक्रार करणाऱ्या पालकांना त्या तासाला बसवता आले तर उत्तमच.

प्रश्न : आमच्या गावच्या पोळ्यात भोंग्यावरून झडत्या म्हटल्या जातात. यंदा त्यांत आमच्या वस्तीचा जातीवरून उल्लेख करून टिंगल केली गेली. मी हरकत घेतली तेव्हा ‘पोळ्याला सगळं चालते, बुरा मानायचा नाही’ असे उत्तर मिळाले. आमची घरे १९५६ पासून बौद्ध आहेत. आम्ही काय करावे?
– एक तरुण वाचक, कळमेश्वर तालुका

उत्तर : पोळ्याला सगळे चालते, हे खरे नाही. झडती म्हणजे तोरणाखाली बैल उभे असताना एकमेकांवर सोडायची यमकबद्ध कोटी. ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ म्हणून तिचा शेवट करायचा आणि मग समोरच्याने त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचे. पाटील, सावकार, पुढारी, कापसाचा भाव, कर्जमाफीचे गाजर, यांपैकी कोणालाही झडती सोडत नाही, आणि वऱ्हाड-नागपुरात शेतकऱ्याने वर्षाचा राग एका दिवसात काढण्याची ती हक्काची जागा आहे. मी स्वतः तिचा चाहता आहे.

पण झडतीला झडतीने उत्तर देता आले पाहिजे, हीच तिची मूळ अट आहे. तोरणाखाली कोण उभा राहतो? ज्याच्या दावणीला बैल आहे तो, आणि त्याचा गडी. ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या ना शेत आले ना बैलजोडी, त्यांना त्या ओळीत जागाच नव्हती. ज्याला उत्तर देण्याची सोय नाही त्याच्यावर ओरडून म्हटलेल्या ओळीला झडती म्हणता येत नाही, मग तिचे यमक कितीही चांगले जुळलेले असो. पूर्वी असल्या ओळी मुकाट्याने ऐकून घेतल्या जात; त्या आवडत होत्या म्हणून नव्हे, तर दुसऱ्या दिवशी त्याच वाड्यावर कामाला जायचे असे म्हणून. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या घरांनी गावकीची कामेच सोडली, त्यांनी हे मुकाट ऐकणेही सोडले, आणि स्वतःची गाणी रचली. ‘पूर्वी कोणी बुरा मानत नव्हते’ या वाक्याचा इतिहास एवढाच आहे.

भोंग्यामुळे आणखी एक फरक पडतो. पूर्वी झडती तोरणापुढच्या माणसांना ऐकू जाई, आता ती थेट तुमच्या उंबऱ्यात येते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा चारचौघांत जातीवाचक अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून त्या सूचीत स्थान आहे. सण असल्याने त्यात सूट मिळत नाही. तरीही पहिले पाऊल पोलीस ठाण्यात टाकावे असे मी सुचवणार नाही. गावातील दोन-चार वडीलधारी माणसे आणि सरपंच यांना बरोबर घेऊन पोळा समितीशी आताच बोलावे, पुढच्या वर्षीच्या पोळ्याची वाट पाहू नये. जातीचा उल्लेख असलेली झडती भोंग्यावर म्हटली जाणार नाही, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. आणि माइक तुमच्या वस्तीतल्या पोरांनाही मिळाला पाहिजे, ही अट त्याच कागदावर घालावी. त्यांच्याजवळ झडत्यांची कमतरता असेल असे मला वाटत नाही. समितीने कानावर घेतले नाही तर मग कायदा आहेच.

प्रश्न : माझा मुलगा टोरांटोला असतो. तिकडे नाताळात वाजणारे एक जुने गाणे रेडिओने काही वर्षांपूर्वी बंद केले होते, असे तो सांगतो. हे खरे आहे का? आणि आपल्या वादांशी त्याचा काही संबंध आहे का?
– एक निवृत्त वाचक, सदर

उत्तर : खरे आहे. ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’ हे ते गाणे. अमेरिकन संगीतकार फ्रँक लेसर यांनी ते १९४४ साली रचले. त्यात पाहुणी बाई घरी निघायचे म्हणते आणि यजमान पुरुष बाहेरच्या थंडीचे निमित्त करून तिला थांबवत राहतो. नाताळाचा त्यात शब्दही नाही. हिवाळा आहे म्हणून ते त्या दिवसांत वाजते. २०१८ च्या डिसेंबरात ओहायो राज्यातील क्लीव्हलँडच्या एका केंद्राने ते थांबवले, कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेनेही काढले आणि श्रोत्यांचा रोष पाहून काही दिवसांतच परत लावले. ‘या पेयात काय घातले आहे’ अशा अर्थाची त्या बाईची एक ओळ वादाच्या मुळाशी होती. त्या काळी असे विचारणे म्हणजे थांबण्यासाठी शोधलेली लाडिक सबब समजली जाई. स्त्रियांनी आपल्यावरील अत्याचारांविषयी उघड बोलायला सुरुवात केल्यानंतर त्याच ओळीत गुंगीच्या औषधाची शंका ऐकू येऊ लागली. २०१९ साली जॉन लेजंड आणि केली क्लार्कसन यांनी शब्द बदलून ते नव्याने गायले.

मला या प्रकरणातला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. लेसर यांनी ते गाणे स्वतः आणि पत्नीने मिळून घरच्या मेजवान्यांत म्हणण्यासाठी लिहिले होते. पुढे त्यांनी ते चित्रपटासाठी विकले, १९४९ च्या त्या चित्रपटामुळे त्याला ऑस्कर मिळाले, आणि पत्नी मात्र आपले गाणे विकले म्हणून नाराज झाली. मित्रमंडळींसमोर नवराबायको लटकेपणाने म्हणत असताना बाईची खरी इच्छा काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होते. दुकानाच्या छतातल्या स्पीकरवरून येणाऱ्या आवाजाविषयी ते कोणाला ठाऊक असणार? आजींच्या अंगणातले गाणे सोसायटीच्या माइकवर गेल्यावर जे झाले, तेच येथे झाले. बाकी गाणे बंद करून चार दिवसांत परत लावण्याचा प्रकार मला पोरकट वाटला. बंद करायचे तर कारण सांगून करावे, नाहीतर लावावे आणि लोकांना बोलू द्यावे.

प्रश्न : होळीला शिव्या आणि अचकट विचकट गाणी म्हणण्याची परवानगी शास्त्रानेच दिली आहे, असे आमच्या चौकातील मंडळी सांगतात. आपले मत काय?
– एक गृहिणी, महाल

उत्तर : शास्त्राने परवानगी दिली असली तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ ने दिलेली नाही. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल अशी अश्लील गाणी म्हणणाऱ्याला त्याखाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. होळीभोवती बोंब मारायला कोणाची हरकत नसावी. ज्या घरासमोर उभे राहून ती मारली जाते त्या घरातली बाई हरकत घेत असेल, तर पुढे व्हावे.

प्रश्न : माझ्या आजीला भुलाबाईची पुष्कळ गाणी पाठ आहेत. ती मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायची आहेत, पण काही गाणी आज कोणाला ऐकवावीत अशी नाहीत. ती गाळावीत का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : एकही गाळू नका. कार्यक्रमात काय म्हणायचे आणि घरात काय जपून ठेवायचे, हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते एकत्र केले की नुकसान होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. नवऱ्याच्या मारापासून सवतीच्या जाचापर्यंत सगळे त्यात आहे, कारण गोळा करणाऱ्यांनी बायकांना आवरते घ्यायला सांगितले नाही. कोणती ओळ पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे आज आपल्याला ठरवता येणार नाही.

काम करताना काही गोष्टी पाळा. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आजीचे माहेरचे गाव, गाणे कोणाकडून शिकली आणि कोणत्या वेळी म्हणत असत, एवढे तिच्याच आवाजात नोंदवा. लिहून काढताना तिची बोली सुधारू नका. ती ‘हाव’ म्हणाली तर ‘होय’ लिहू नका. एखादे कडवे ती लाजून सोडून देईल, तेव्हा रेकॉर्डिंग थांबवा आणि दुसऱ्या दिवशी घरात पुरुष माणूस नसताना पुन्हा विचारा. आणि टिपऱ्या आजीच्या हातात असू द्या, कारण ठेका सुटला की पुढची ओळ पुष्कळ जणींना आठवत नाही.